बापूंचं दहा रुपयांचं तिकीट

बालमित्रांनो, टपाल तिकिटं जमवणारे तुमच्यात किती जण आहेत? हात वर करा पाहू! आमच्या भाईंदरच्या शाळेत गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला हे वेड लागलं होतं. मधली सुट्टी झाली की डबे राहायचे बाजूला आणि वह्या निघायच्या बाहेर. "मला फुलपाखरू दे, मी तुला आगगाडी देतो," असा बाजार भरायचा. मीही त्यात डोकावायचे. लहानपणी मीसुद्धा एक वही केली होती ना!

त्याच बाजारात एक दिवस मोठा सौदा झाला. एका मुलानं (त्याचं नाव सांगत नाही, कारण त्यानंच "बाई, नाव नका छापू" अशी अट घातली आहे) आपल्या मित्राला एकच तिकीट दिलं आणि त्याच्याकडून बारा तिकिटं घेतली. एकाला बारा! सगळा वर्ग गोळा झाला. तसं काय होतं त्या तिकिटात?

ते होतं महात्मा गांधींचं दहा रुपयांचं तिकीट. १९४८ सालचं!

मुलाच्या मामानं मुंबईत फुटपाथवरच्या एका विक्रेत्याकडून अशी दोन तिकिटं पाचशे रुपयांना घेतली होती आणि भाच्याला वाढदिवसाला दिली होती. त्यातलं एक मुलानं स्वतःकडे ठेवलं आणि दुसरं मित्राला दिलं. मित्राकडे होती पणजोबांची वही. पणजोबा भाईंदरच्या मिठागरांवर कारकून होते. कचेरीत आलेल्या पाकिटांवरची तिकिटं कापून ते वहीत ठेवायचे. त्या वहीतली बारा तिकिटं या एका तिकिटाच्या बदल्यात गेली.

दोघंही खूश होऊन माझ्याकडे आले. "बाई, याचे लाख रुपये येतात ना?"

मी तिकीट हातात घेतलं आणि मनात कुठेतरी चुकचुकलं. तिकीट फारच नवंकोरं दिसत होतं. पण नुसतं चुकचुकणं म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून मी म्हटलं, "शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा. आपण तपासून पाहू."

इतकं मोल कशाला?

आधी या तिकिटाची खरी गोष्ट ऐका. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, आपल्या टपाल खात्यानं त्यांची चार तिकिटं काढली: दीड आण्याचं, साडेतीन आण्यांचं, बारा आण्यांचं आणि दहा रुपयांचं. आपली तिकिटं १९२६ पासून नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापली जात होती. पण ही चार तिकिटं छापून आली स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हॉझिए नावाच्या छापखान्यातून. त्यांच्यावर देवनागरीत आणि उर्दूत 'बापू' असं लिहिलेलं आहे.

त्या काळात दहा रुपये म्हणजे केवढी मोठी रक्कम! साध्या पत्राला कोण एवढं तिकीट लावणार? म्हणून दहा रुपयांची तिकिटं कमी लोकांनी घेतली. आज चांगल्या स्थितीतलं खरं तिकीट हजारो रुपयांना विकलं जातं.

यातली १०० तिकिटं तर आणखी निराळी होती. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी त्यांच्यावर 'सर्व्हिस' हा इंग्रजी शब्द छापला होता. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये लंडनच्या एका कंपनीनं विकली. किंमत आली पाच लाख पौंड! रुपयांत चार कोटींच्या घरात.

आता सांगा, ज्या वस्तूला एवढा भाव, तिची नक्कल कोणी करणार नाही का? दहा रुपयांच्या या तिकिटाच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. शिवाय काही लबाड लोक खऱ्या तिकिटावर खोटा 'सर्व्हिस' शब्द छापतात. म्हणजे तिकीट खरं, पण वरचा शब्द खोटा. दोन्ही प्रकार लक्षात ठेवा हं.

शनिवारची तपासणी

शनिवारी आम्ही तिघं वर्गात बसलो. सामान काय होतं? एक पट्टी, एक चिमटा आणि जवळच्या सोनारकाकांकडून तासाभरासाठी मागून आणलेलं भिंग. तिकिटं नेहमी चिमट्यानं उचलायची, बरं का! बोटांचा घाम आणि तेल कागदाला लागलं की तो डागाळतो.

आता प्रश्न आला की ताडून पाहायचं कशाशी? खरं दहा रुपयांचं तिकीट आमच्याकडे कुठलं असणार? तेवढ्यात मित्र म्हणाला, "बाई, मी त्याला जी बारा दिली ना, त्यात पण एक गांधीजी होते."

वही उघडली. खरंच की! दीड आण्याचं, तपकिरी रंगाचं, एका कोपऱ्यात टपालाचा काळा शिक्का बसलेलं तिकीट. त्याच मालिकेतलं, त्याच छापखान्यातलं, त्याच दिवशी निघालेलं. अशी तिकिटं भरपूर मिळतात, किंमत अगदी कमी. पण आमच्यासाठी तेच साक्षीदार ठरलं.

पहिली परीक्षा: दाते. तिकीट सहज फाडता यावं म्हणून त्याच्या कडेला बारीक छिद्रं पाडलेली असतात. फाडल्यावर त्यांचे दाते दिसतात. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात, त्यावरून माप सांगतात. पट्टीचं शून्य एका छिद्राच्या बरोबर मध्यावर ठेवायचं, ते छिद्र सोडून पुढची मोजायची. दीड आण्याच्या तिकिटावर अकरा छिद्रं मोजून झाली आणि दोन सेंटिमीटरची रेघ अकराव्या आणि बाराव्या छिद्राच्या मधोमध आली. म्हणजे माप साडेअकरा. या मालिकेचं खरं माप हेच आहे. मग दहा रुपयांचं घेतलं. मुलगा मोजू लागला, "दहा... अकरा... बारा... तेरा." तेरा! त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेरा. तिसऱ्यांदा मोजताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

दुसरी परीक्षा: छपाई. आधी आम्ही वर्तमानपत्रातला एक रंगीत फोटो भिंगाखाली धरला. तुम्हीही धरून पाहा, गंमत वाटेल. नुसत्या डोळ्यांना चेहरा दिसतो, पण भिंगातून दिसतात ठिपकेच ठिपके: निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे. या चार रंगांच्या ठिपक्यांतून बाकीचे सगळे रंग होतात. १९४८ची ही तिकिटं मात्र अशी छापलेली नाहीत. जो रंग हवा त्याच रंगाची शाई वापरलेली. दीड आण्याच्या तिकिटावर भिंगातूनही तपकिरीच रंग दिसला, सावल्या मऊ आणि सलग. दहा रुपयांच्या तिकिटावर बापूंच्या गालावर गुलाबी, निळे, पिवळे ठिपके! अगदी वर्तमानपत्रासारखे.

तिसरी परीक्षा: कागद. औषधांच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तो आम्ही दुकानदारांच्या परवानगीनं वापरला. (त्या दिव्याकडे डोळे लावून बघायचं नाही हं!) साधारण १९५० नंतर कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालू लागले. ते या दिव्याखाली निळसर चमकतं. पणजोबांचं तिकीट मंद राहिलं. मामाचं तिकीट ट्यूबलाइटसारखं चमकलं. इथे एक सावधगिरी सांगते. कपडे धुण्याच्या पावडरीतही असलंच रसायन असतं, त्यामुळे साबणाच्या पाण्यात पडलेलं खरं तिकीटही चमकू शकतं. म्हणून एकट्या या परीक्षेवर निकाल द्यायचा नाही.

चौथी परीक्षा: शिक्का. मामाच्या तिकिटांवर शिक्काच नव्हता. पण दीड आण्याच्या तिकिटावर अर्धा शिक्का होता आणि त्यात 'नोव्हेंबर ४८' एवढं वाचता येत होतं. तिकीट निघालं ऑगस्टमध्ये, वापरलं नोव्हेंबरमध्ये. हिशोब जुळला! कधी जुन्या तिकिटावर ते निघण्याच्याही आधीची तारीख दिसली, तर समजा की शिक्का खोटा. जुन्या शिक्क्यांचा अभ्यास हे एक मोठं शास्त्र आहे. मुंबईचे जाल कूपर हे त्यातले नावाजलेले जाणकार. भारतातल्या सुरुवातीच्या शिक्क्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकच लिहिलं आहे.

चार परीक्षा झाल्या. कोणी काही बोलेना. शेवटी मित्रच म्हणाला, "म्हणजे महागाचं खोटं आणि स्वस्ताचं खरं!"

मला वाटलं, ज्या माणसानं आयुष्यभर सत्याचा आग्रह धरला, त्याच्याच तिकिटाची नक्कल व्हावी! काय म्हणावं?

आणखी जुनी तिकिटं असतील तर?

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्याकडे तर राणी व्हिक्टोरियाची तिकिटं आहेत, त्यांचं काय? त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा.

आपल्या देशातलीच नव्हे, तर आशियातली पहिली चिकटवायची टपाल तिकिटं १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथले कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी ती काढली. पुढे ते मुंबईचे गव्हर्नरही झाले. 'सिंध डाक' नावाची ही तिकिटं गोल होती. त्यातलं लाल तिकीट तर लाखेचं होतं! ते पटकन तडकायचं, म्हणून फारच थोडी उरली. नकला मात्र चिक्कार आहेत.

१८५४ मध्ये साऱ्या देशासाठी तिकिटं आली. त्यावर राणीचं चित्र होतं, पण कडेला दाते नव्हते. कात्रीनं कापून वेगळी करावी लागत. मग कोणी दाते असलेलं तिकीट दाखवून "हे १८५४चं" म्हणाला, तर तुम्ही काय म्हणाल? शाब्बास!

१८६५ पासूनच्या तिकिटांच्या कागदात हत्तीच्या डोक्याचं पाणचिन्ह असे. पाणचिन्ह म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण. तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवून तिरप्या उजेडात पाहिलं तर कधी कधी दिसते. नंतर हत्तीच्या जागी तारा आला. म्हणून तिकीट कोणत्या काळातलं आणि पाणचिन्ह कोणतं, हे जुळायला हवं.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भोर संस्थाननंही १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती. लाल शाईचा ठसा देशी कागदावर हातानं उठवायचा, की झालं तिकीट! दाते नाहीत. अशा तिकिटांत खरं-खोटं ओळखणं फार अवघड असतं, कारण दोन खऱ्या तिकिटांचे ठसेसुद्धा हुबेहूब सारखे नसतात. तिथे तुमची-माझी पट्टी आणि भिंग पुरत नाही.

एका महाठकाची गोष्ट

आता एक गंमत ऐका. फ्रान्समध्ये झां द स्पेराती नावाचा एक इटालियन माणूस राहत होता. तो जुन्या स्वस्त तिकिटांवरची छपाई रसायनांनी धुऊन काढायचा आणि त्याच कागदावर महागड्या तिकिटाचं चित्र छापायचा. म्हणजे कागद खरा, पाणचिन्ह खरं, दातेही खरे! १९४२ मध्ये त्यानं परदेशी पाठवलेली तिकिटं फ्रान्सच्या जकात अधिकाऱ्यांनी पकडली. तज्ज्ञांनी ती खरी म्हणून त्यांची मोठी किंमत ठरवली. परवान्याशिवाय मौल्यवान वस्तू बाहेर पाठवल्याचा आरोप आला. तेव्हा स्पेरातीला स्वतःच सिद्ध करावं लागलं की ही तिकिटं खोटी आहेत, मीच ती बनवली आहेत! पुढे इंग्लंडमधल्या तिकीट-संग्राहकांच्या संस्थेनं त्याचा उरलेला साठाच विकत घेतला, म्हणजे तो बाजारात यायला नको.

या गोष्टीतून काय शिकायचं? एक चूक सापडली की तिकीट खोटं ठरतं. पण चूक सापडली नाही म्हणून ते खरं ठरत नाही. आपल्याला सापडली नाही, एवढंच ठरतं. आमच्या पट्टी-भिंगानं मामाची तिकिटं खोटी ठरवली, पण दुसरं एखादं तिकीट शंभर टक्के खरं आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्यासाठी जाणकार लागतात. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी १८६९ मध्ये, म्हणजे गांधीजी जन्मले त्याच वर्षी, स्थापन झाली. तिथले तज्ज्ञ तिकीट तपासून लेखी दाखला देतात. आईबाबांनो, कोणी मौल्यवान जुनं तिकीट घ्यायला सांगितलं तर एवढंच विचारा, "दाखला कुठाय?"

मग पुढे काय झालं?

आता मूळ गोष्टीकडे येते. तपासणी संपली तेव्हा मुलाच्या वहीत मित्राची बारा खरी तिकिटं होती आणि मित्राच्या वहीत एक खोटं. सौदा तर झालेला. वर्गाचा नियम असा की एकदा अदलाबदल झाली की मागे फिरायचं नाही. नियम मीच केला होता! मुलानं फसवलं नव्हतं, त्यालाही ठाऊक नव्हतं. मित्र काही मागत नव्हता. पण त्याचा चेहरा मला दिसत होता. पणजोबांची वही होती ती.

खरं सांगू? 'परत दे' असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी गप्प राहिले. म्हटलं, सोमवारपर्यंत पाहू.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी मुलगा मित्राच्या बाकाशी उभा होता. पाकिटात अकरा तिकिटं होती. बारावं त्याच्या धाकट्या बहिणीनं घरकामाच्या वहीत डिंकानं पक्कं चिकटवून टाकलं होतं. "तुझं एक कमी आहे, त्याच्याबद्दल माझ्यातली कोणतीही तीन घे," तो म्हणाला. मित्रानं वही बराच वेळ चाळली आणि दोनच घेतली. दीड आण्याचे बापू पुन्हा पणजोबांच्या वहीत गेले.

राहिली ती दोन खोटी तिकिटं. मी म्हटलं, "फाडू नका, आपण ती वर्गात शिकण्यासाठी ठेवू. मागे 'नक्कल' असं लिहा." मी पेन्सिल पुढे केली. मुलानं ती घेतली नाही. म्हणाला, "पेन्सिल खोडता येते, बाई." आणि त्यानं शाईच्या पेनानं लिहिलं. दोन्ही तिकिटं आता आमच्या कपाटात एका डबीत आहेत. दर वर्षी नवी मुलं भिंगातून त्यांचे ठिपके बघतील.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. मामानं मोठ्या हौसेनं दिलेली भेट होती ती. मामाला सांगायचं की नाही? मुलगा म्हणतो, मामाला वाईट वाटेल. मित्र म्हणतो, नाही सांगितलं तर मामा पुन्हा तिथूनच घेईल. मला दोघांचंही पटतं. तुम्ही काय केलं असतं? पोस्टकार्डावर लिहून कळवा. वर तिकीट छापलेलं असतंच!

घरी करून पाहा

घरातल्या कोणत्याही पाच तिकिटांचे दाते दोन सेंटिमीटरमध्ये मोजा आणि वहीत लिहा. रंगीत वर्तमानपत्र आणि एक जुनं तिकीट भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवा, फरक काढा. पाकिटावरचं जुनं तिकीट लगेच भिजवून काढू नका. कधी कधी शिक्क्यासह अख्ख्या पाकिटालाच जास्त मोल असतं.

आणि आईबाबांसाठी दोन शब्द. मुलांना संग्रह सुरू करून द्यायचा असेल तर महागडी जुनी तिकिटं नकोत. मुंबईच्या जीपीओत तिकीट-संग्राहकांसाठी वेगळा विभाग आहे. भाईंदरहून लोकलनं निघा, दादरला मध्य रेल्वेची गाडी पकडा आणि सीएसएमटीला उतरा, जीपीओ जवळच आहे. तिथे नवी तिकिटं छापील किमतीला मिळतात. खोटी निघायची भीतीच नाही. टपाल खात्यानं २०१७ मध्ये सहावी ते नववीच्या संग्राहक मुलांसाठी 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्तीही सुरू केली. तिची चौकशी जवळच्या मोठ्या पोस्टात करा.

बरं, आता निघते. सोनारकाकांचं भिंग परत द्यायचं आहे. ते या वेळी चक्क आठवडाभर माझ्याकडे राहिलंय!

तुमच्या,
बाई